अर्धा भरलेला घट

मराठीत ‘भरलेले’ हा शब्द बहुधा मंगलवाचक म्हणूनच येतो. कोठी भरलेली असावी, ओटी भरावी, घर भरल्यासारखे वाटावे. याउलट ‘अर्धे’ म्हटले की कमीपणा आलाच. अर्धवट माणूस, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला, अर्ध्यावर टाकलेले काम. विज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘सेल’साठी ‘घट’ हा शब्द योजला, तेव्हा भरण्याची ही जुनी कल्पनाही त्याच्यासोबत आपसूक आत आली असावी. घट आहे, म्हणजे तो भरून ठेवायचा. हा भाषिक संस्कार जिच्यापुढे निरुपयोगी, किंबहुना घातक ठरतो, अशी एक वस्तू आम्हाला भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, करडीच्या परिसरात जवळून पाहायला मिळाली. ती म्हणजे फवारणीच्या ड्रोनची बॅटरी.

आमच्या एका विद्यार्थिनीची थोरली बहीण बचतगटाच्या वतीने ड्रोन चालवते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला मंजुरी दिली. १५,००० महिला गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के आणि कमाल ८ लाख रुपये साहाय्य, असे तिचे स्वरूप. योजनेच्या संचात मूळ बॅटरीखेरीज चार जादा बॅटरी-संच धरलेले आहेत, कारण त्यांच्या अदलाबदलीनेच दिवसाकाठी वीस एकरांची मजल मारता येते. एक संच दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. वृत्तपत्रांतील छायाचित्रांत ड्रोन आकाशात असतो आणि खाली हसऱ्या चेहऱ्याच्या दीदी असतात. बॅटऱ्या कोणत्याच छायाचित्रात नसतात. गटाचा व्यवसाय टिकणार की नाही हे मात्र त्यांच्यावरच ठरते, आणि तेही मुख्यतः त्या उडत नसतात तेव्हा.

‘‘सर, भरून ठेवली तं फुगते, रिकामी ठेवली तं मरते,’’ ताईंनी आम्हाला सांगितले. लिथियम बॅटरीचे सारे शास्त्र या वाक्यात आले आहे. पूर्ण भरलेल्या घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. त्या ताणाखाली आतील द्रावण इलेक्ट्रोडशी हळूहळू अभिक्रिया करीत राहते, वायू सुटतो आणि पाकीट फुगते. उष्णतेने ही क्रिया वेगावते. उलट घट फारच उतरला, तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. असा घट पुन्हा भरताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याची भीती असते. म्हणून विश्रांतीच्या काळात प्रत्येक घट ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण निम्मा भरलेला ठेवायचा. अशा बारा-चौदा घटांची एकसर जोडणी करून एक बॅटरी होते, आणि त्यांतला एक जरी दुबळा निघाला तरी सगळा संच त्याच्या चालीने चालतो.

गावात हे कोणाला पटवून देणे कठीण. ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी उतरलेली ठेवली तर खराब होते, ती भरलेलीच हवी, हा घरोघरचा अनुभव. निकेल-कॅडमियमच्या जमान्याने तर ‘पूर्ण उतरवा, मग भरा’ असे शिकवले होते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्या तीन शिल्पकारांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या सवयी मात्र जुन्याच बॅटऱ्यांच्या राहिल्या.

त्यात धानाच्या पट्ट्यातील अडचणी वेगळ्या. फवारणीची निकड ऑगस्ट ते ऑक्टोबर, तुडतुडे आणि करपा यांच्या दिवसांत. विजेचा भरवसा नाही, म्हणून आदल्या रात्री सगळे संच भरून ठेवण्याकडे कल. आणि पहाटे पाऊस लागतो! झड चार दिवस, कधी आठ दिवस उघडत नाही. भरलेले संच तसेच पडून राहिले तर त्यांचे आयुष्य घटते. उतरवून ठेवावेत तर ऊन पडताच शेतकरी दारात उभा, आणि त्याच वेळी वीज गेलेली. हा निर्णय दर वेळी ताईंनाच घ्यावा लागतो. माहितीपुस्तिकेत त्यावर एक ओळ आहे, तीही इंग्रजीत. पावसाचा, विजेचा आणि शेजाऱ्याच्या रोगट बांधीचा हिशेब त्या ओळीत कुठून असणार?

पुस्तिकेत ज्याला ‘स्टोरेज मोड’ म्हटले आहे, त्याला ताई ‘निजवणे’ म्हणतात. ‘‘आज दोन निजवल्या, दोन जाग्या ठेवल्या.’’ आम्ही मराठीचे प्राध्यापक. ‘पुनःप्रभारण’ हा पारिभाषिक शब्द आम्हाला पाठ आहे, पण तो ऐकून डोळ्यांपुढे एखादे प्रभारी प्राचार्यच उभे राहतात. ‘साठवण’ म्हणावे तर तिथेही पुन्हा भरलेली कोठीच आठवते. ‘निजवणे’ या शब्दात मात्र नेमका अर्थ आहे. निजलेले मूल उपाशीही नसावे आणि तुडुंब जेवलेलेही. परिभाषा कोशाच्या पुढच्या आवृत्तीत या शब्दाला जागा मिळावी असे आम्हाला मनापासून वाटते. मिळणार नाही, हेही ठाऊक आहे. असो.

ठेवण्याची जागा हा दुसरा प्रश्न. विदर्भातील मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये बॅटऱ्या ठेवणे म्हणजे त्या भट्टीत घालणे. ताईंनी त्या मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, फळीवर ठेवल्या आहेत. माठाजवळ गारवा असतो, पण तिथे ओल आहे, म्हणून तीही जागा वर्ज्य. चार्जिंग पडवीत, फरशीवर, कोणी तरी समोर बसलेले असतानाच. उडून आलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्जरला लावायची नाही. तणसाचा ढीग अंगणाच्या पलीकडे हलवला आहे. एक फुगलेला संच रेती भरलेल्या जुन्या रांजणात, घरापासून दूर ठेवलेला दिसला. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. रांजण भरवस्तीत नाही, एवढीच तूर्त सोय.

आम्ही गेलो तेव्हा उन्हाळी धान कापणीला आले होते आणि उरलेले चारही संच निजलेले होते. प्रत्येकावर पेंटने क्रमांक घातला आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक घटाचे व्होल्ट तपासून ताई भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. मे महिन्याच्या पानावर तीन संचांपुढे ३.८ होते, तिसऱ्या क्रमांकाच्या संचातील एका घटापुढे ३.६, त्याखाली दोन रेघा. खरिपाच्या रोवणीपूर्वी तो संच बदलावा लागेल. पैशांचा विषय गटाच्या पुढच्या बैठकीत निघायचा होता.