कुरळ्या केसांची शिकवण

गावी आम्हां कुरळ्या केसांच्या मुलींना ‘झिपऱ्या’ म्हणत. येडशीच्या वसतिगृहात मोठ्या ताईंनी त्याच केसांची निगा सोपी करून दिली. केसाच्या वळणांमुळे टाळूची स्निग्धता टोकापर्यंत सहज उतरत नाही. म्हणून रोज केस धुण्याचे कारण नसे. ओल्या केसांना खोबरेलाचे दोन थेंब, रुंद दातांची फणी टोकांकडून वर, आणि सुती कापडाने नुसते टिपणे. पाणीटंचाईच्या मुलखात हे परवडतही असे. वाळल्यावर कुरळा केस आखडतो, म्हणून कापताना ताई तो दोन बोटे लांब राखीत.

साताऱ्यात पैसे मोजूनही न्हावी अस्पृश्यांचे केस कापीत नसे. आपले केस थोरली बहीण कापी, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. तेथे बहिणीच्या हाती कात्री आली ती बहिष्कारामुळे. आम्हांला दुकानाचे दार खुले होते, तरी आम्ही ताईंपुढे बसलो ते मायेने. हे अंतर कोणी चालून काढले, हे वंदनेच्या वेळी उमजे. समोरच्या बुद्धमूर्तीच्या मस्तकावरही कुरळीच वलये होती.

आज आमच्या लेकींचे केस कुरळे निघाले, तर ते सरळ करण्याचा हट्ट आम्ही धरीत नाही.