तीन किलोंचं अंतर

एखादा जगज्जेता बॉक्सर वरच्या वजनगटात उतरणार अशी बातमी आली की बॉक्सिंग पाहणाऱ्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्याच्याकडे हुनर आहे त्याला चार किलोंनी काय फरक पडतो? दुसरा म्हणतो, दोघंही तितकेच तयारीचे असतील तर अंगाने मोठा असलेलाच जिंकणार, नाही तर वजनगट काढले कशाला? मला या वादात नेहमी पहिली आठवते ती मेरी कोम. व्यावसायिक बॉक्सर वर जातात ते पैशासाठी, विक्रमासाठी किंवा खालच्या गटात हरवायला कुणी उरलं नाही म्हणून. मेरी गेली, कारण तिच्या वजनाची जागाच ठेवलेली नव्हती.

ऑगस्ट २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग घ्यायचं ठरवलं. तोवर मेरी चार वेळा जगज्जेती झाली होती. २००२ मध्ये अंताल्याला ४५ किलोंच्या गटात, मग २००५, २००६ आणि २००८ मध्ये ४६ किलोंच्या. २०१०चं पाचवं विजेतेपद तिने बार्बाडोसमध्ये ४८ किलोंच्या गटात मिळवलं. लंडनमध्ये मात्र महिलांना तीनच गट मिळाले: ५१, ६० आणि ७५. पुरुषांना दहा होते आणि त्यांतला सगळ्यात हलका ४९ किलोंचा होता. मणिपूरचाच लैश्राम देवेंद्रो सिंग त्या ४९ किलोंच्या गटात लंडनला खेळला. एकाच राज्यातली, जवळपास एकाच वजनाची दोन माणसं. त्याला आपल्या वजनात लढता आलं, तिला तीन किलो चढवावे लागले. हा अन्याय कुणी मुद्दाम केला नसेल, पण तो अन्यायच होता, आणि पुढे तिच्या पदकाच्या कौतुकात त्याची आठवण फारशी कुणी ठेवली नाही.

तीन किलो ऐकायला किरकोळ वाटतात. पण ४८ किलोंच्या देहात तीन किलो म्हणजे सोळावा हिस्सा, आणि तोही अशा देहात जिथे कमी करण्यासारखं किंवा वाढवण्यासारखं फार काही नसतं. शिवाय खरी अडचण मेरीच्या वजनापेक्षा समोरच्या मुलींच्या वजनात असते. ५१ किलोंच्या गटातल्या बऱ्याच जणी मुळात ५१च्या नसतातच. त्या मोठ्या असतात आणि घाम गाळून, जेवण तोडून खाली आलेल्या असतात. लंडनमध्ये मेरीची पहिली लढत पोलंडच्या कारोलिना मिखालचुकशी होती. ही बाई २००८ मध्ये ५४ किलोंच्या गटाची जगज्जेती होती. ती तीन किलो उतरून आली होती आणि मेरी तीन किलो चढून. त्या सकाळी वजनकाट्याने दोघींना सारखं ठरवलं. हाडांचा सांगाडा, खांद्यांची रुंदी, हातांचा पल्ला यांतलं काहीही काट्यावर दिसत नाही.

मला वाटतं, वर जाणाऱ्याची सगळी कथा या पल्ल्यात आहे. लोक ताकदीबद्दल बोलतात. ताकद थोडीफार कमावता येते, व्यायामशाळा त्यासाठीच असतात. हाताची लांबी कमावता येत नाही. मेरी १५८ सेंटिमीटर उंच. ४६ किलोंच्या गटात तिच्यासमोर तिच्याच मापाच्या मुली असायच्या. तिथे ती स्वतः अंतर ठरवायची, कधी आत शिरायचं आणि कधी बाहेर पडायचं हे तिच्या हातात होतं. ५१ मध्ये अंतर समोरची ठरवते. तिचा जॅब तुमच्यापर्यंत पोचतो आणि तुमचा तिच्यापर्यंत पोचत नाही, असा एक पट्टा दोघींच्या मध्ये तयार होतो. बुटक्या बॉक्सरला प्रत्येक वेळी तो पट्टा ओलांडून जावं लागतं आणि ओलांडताना मार खायची तयारी ठेवावी लागते. आत जाऊन दोन ठोसे मारले की परत तोच पट्टा ओलांडून बाहेर यायचं. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांत ही ये-जा किती वेळा करता येईल, यावर निकाल लागतो.

दुसरा फरक सूक्ष्म आहे. आपल्या गटात तुमचा चांगला ठोसा बसला की समोरची क्षणभर थबकते, मागे सरते आणि त्या क्षणात तुम्ही पुढचा डाव रचता. वरच्या गटात तोच ठोसा तितकाच नेमका बसतो, पण समोरची थांबत नाही. गुण मिळतो, मात्र श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. ठोशामागे येणारा तो रिकामा क्षण ज्यांच्या खेळाचा पाया असतो, ते वर गेल्यावर गोंधळतात. मेरीला तारलं ते तिच्या पायांनी. ती डावखुरी. समोरचीच्या पुढच्या पायाच्या बाहेर आपला पाय टाकून ती तिरकी आत शिरायची, आणि तिथून तिचा डावा हात सरळ जायचा. सरळ रेषेत आत गेली असती तर ५१ किलोंच्या गटात ती कधीच टिकली नसती. लंडनच्या आधी तिने लिव्हरपूलचे प्रशिक्षक चार्ल्स अ‍ॅटकिन्सन यांच्या हाताखाली काही काळ पुण्यात बालेवाडीलाही सराव केला. सरावाला समोर मुलगे उभे करावे लागत, कारण मोठ्या अंगाच्या माणसाचा रेटा कसा असतो हे कुणी सांगून कळत नाही.

आणि ती जिंकू शकत होती. मार्च २०१२ मध्ये उलानबातरच्या आशियाई स्पर्धेत, अंतिम लढतीत तिने चीनच्या रेन कानकानला हरवलं, त्या गटाच्या तत्कालीन जगज्जेतीला. दोनच महिन्यांनी चिनह्वांगदाओच्या जागतिक स्पर्धेत ती इंग्लंडच्या निकोला अ‍ॅडम्सकडून उपांत्यपूर्व फेरीत ११-१३ अशी हरली. तिचं लंडनचं तिकीट मग अ‍ॅडम्स पुढे किती जाते यावर लटकलं. जिने हरवलं तिच्याच विजयाची वाट पाहायची! अ‍ॅडम्स अंतिम फेरीत गेली आणि मेरीचा प्रवेश नक्की झाला.

लंडनमध्ये मिखालचुकविरुद्ध १९-१४, ट्युनिशियाच्या मारुआ रहालीविरुद्ध १५-६, आणि ८ ऑगस्टला उपांत्य फेरीत पुन्हा अ‍ॅडम्स. ही शेवटची लढत मी नंतर अनेकदा पाहिली आहे. तिच्यात मेरीने काही चुकीचं केलं असं मला आजवर दिसलेलं नाही. अ‍ॅडम्स उंच होती, चपळ होती आणि मुख्य म्हणजे घाईत नव्हती. ती मागे आणि बाजूला सरकत राहायची. मेरीला पुढे यावं लागायचं, आणि ती पुढे आली की अ‍ॅडम्सचा ठोसा आधीच वाटेत असायचा. त्या काळी पंच बटणं दाबून प्रत्येक ठोशाचा गुण नोंदवत. लांबून बसलेला स्वच्छ ठोसा अशा मोजणीत हमखास धरला जातो, तर आत शिरून केलेली झटापट कितीही मेहनतीची असली तरी पंचांच्या नजरेतून सुटू शकते. ११-६. मेरीला कांस्यपदक. अ‍ॅडम्सने पुढे सुवर्ण जिंकलं.

मग मेरी यशस्वी झाली का? जे फक्त पदकाचा रंग बघतात ते म्हणतील, खाली सुवर्ण आणि वर कांस्य, हिशेब उघड आहे. मला तो हिशेब पटत नाही. पण तिच्या बाजूने बोलताना सगळं गोड करून सांगणंही मला जमणार नाही, कारण या खेळात वर जाण्याची किंमत खरोखर भयंकर असू शकते. केल ब्रुक हा ब्रिटिश बॉक्सर वेल्टरवेटचा जगज्जेता होता. सप्टेंबर २०१६ मध्ये तो दोन गट ओलांडून गेन्नादी गोलोव्किनशी लढला. पहिल्या काही फेऱ्या तो छान खेळला, पण डोळ्याभोवतीचं हाड मोडलं आणि पाचव्या फेरीत त्याच्या प्रशिक्षकाने टॉवेल टाकला. पुढच्या वर्षी तो आपल्या गटात परतला तेव्हा एरल स्पेन्सविरुद्ध त्याच्या दुसऱ्या डोळ्याचं हाड मोडलं.

रॉय जोन्सची गोष्ट याहून वेगळी आणि मला जास्त अस्वस्थ करणारी. मार्च २००३ मध्ये त्याने हेवीवेट जॉन रुइझला हरवलं, रुइझ त्याच्यापेक्षा सुमारे १५ किलोंनी जड असताना. ती लढत म्हणजे वर जाण्याचा वस्तुपाठ आहे. पण नंतर जोन्सने ते सगळं कमावलेलं वजन उतरवून लाइट हेवीवेटला परत यायचं ठरवलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आंतोनियो टार्व्हरविरुद्ध तो कसाबसा जिंकला, आणि मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत आडवा केला. तिशी ओलांडलेलं शरीर कमावलेलं मांस असं मुकाट्याने परत देत नाही. चढताना सगळे धोक्याची चर्चा करतात, उतरताना कुणी करत नाही.

जे टिकले ते कसे टिकले? मॅनी पॅकियाओने १९९८ मध्ये फ्लायवेटचं, म्हणजे साधारण ५१ किलोंच्या गटाचं जागतिक विजेतेपद मिळवलं. नोव्हेंबर २०१०च्या लढतीत आंतोनियो मार्गारितो रिंगमध्ये आला तेव्हा सुमारे ७५ किलोंचा होता आणि पॅकियाओ ६७चा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे मोठा माणूस रात्रीत पुन्हा फुगू शकतो. तरीही बारा फेऱ्यांअखेर चेहरा फुटला होता तो मार्गारितोचा. पॅकियाओ एका कोनातून आत यायचा आणि दुसऱ्याच कोनातून बाहेर पडायचा, प्रतिस्पर्ध्याला त्याच्याकडे वळण्यातच वेळ घालवावा लागायचा. टेरेन्स क्रॉफर्डने २०१४ मध्ये ६१ किलोंच्या गटात पहिलं जागतिक विजेतेपद घेतलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, ७६ किलोंच्या गटात कानेलो आल्वारेझला गुणांवर हरवलं. दोघांनीही हा प्रवास एका उडीत केला नाही. दहा-अकरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ते गटागटाने चढत गेले, हाडं-स्नायूंना सवय होऊ दिली आणि प्रत्येक गटात पायांची चाल नव्याने बसवली. क्रॉफर्डने शेवटी मधला एक गट सोडून उडी घेतली, पण तोवर तो अंतराचा असा जाणकार झाला होता की मोठं शरीर त्याच्यापुढे आंधळं पडलं. त्याला हात लांब मिळाले होते, हेही खरं.

आपल्याकडे याचं एक जुनं उदाहरण आहे आणि ते बॉक्सिंगचं नाही, कुस्तीचं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते वरच्या, बँटमवेट गटात उतरले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या पदकाबद्दल आपण अभिमानाने बोलतो, त्यात एक गट चढल्याचा भाग असतो हे मात्र सहसा सांगत नाही. कुस्तीत आत शिरून पकड घेता येते, तिथे लांब हाताची दहशत बॉक्सिंगइतकी नसते. तरीही चार वर्षं त्यांना मिळाली होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मेरीला मिळाली तीन. त्यात तिने एक जागतिक स्पर्धा ४८ मध्ये जिंकली, म्हणजे मधला काही काळ ती जुन्या घरातच होती. एवढ्या वेळात जगातल्या पहिल्या चौघींत येणं याला मी यश म्हणते, आणि पुरावाही आहे. २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिने ५१ किलोंमध्येच सुवर्ण घेतलं. तिचं खरं वजन कोणतं, याचा पुरावाही तिनेच दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये पोलंडला पहाटे पोचल्यावर वजन दोन किलो जास्त भरलं, तेव्हा वजनाच्या आधीच्या चार तासांत तिने दोरीवरच्या उड्या मारून ते उतरवलं, आणि ४८ किलोंची ती स्पर्धा जिंकली. दोन महिन्यांनी दिल्लीत, वयाच्या पस्तिशीत, ४८ मध्येच ती सहाव्यांदा जगज्जेती झाली. ऑलिंपिकचं दार उघडायचं म्हणून तिने जवळजवळ दहा वर्षं परक्या वजनात काढली. टोकियोत ५१ मध्ये इंग्रित वालेन्सियाकडून ती २-३ अशा विभागलेल्या कौलाने हरली तेव्हा ती ३८ वर्षांची होती. लंडनला ४८चा गट असता तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही सोडू शकलेले नाही.

लवलीना बोर्गोहाईंचं काय झालं तेही बघा. टोकियोत ६९ किलोंमध्ये तिने कांस्य मिळवलं आणि पॅरिससाठी तो गटच काढून टाकला गेला. खाली ६६ होता, वर ७५. तिने ७५ निवडला. ती उंच आहे, लांब हातांची आहे, म्हणून २०२३ मध्ये दिल्लीत ती त्या गटाची जगज्जेतीही झाली. पॅरिसला चीनच्या ली छियानपुढे उपांत्यपूर्व फेरीत ती थांबली, पण ली छियाननेच पुढे सुवर्ण जिंकलं. लवलीनाची उडी मेरीपेक्षा दुप्पट मोठी होती आणि तरी सोपी गेली, कारण शरीराला आत भरायला जागा होती.

सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूलला रोहतकजवळच्या रुडकी गावची मीनाक्षी हुडा ४८ किलोंच्या गटात जगज्जेती झाली. हा गट ऑलिंपिकमध्ये नाही. म्हणजे लॉस एंजेलिसला जायचं तर तिलाही तेच तीन किलो चढायचे आहेत. तिच्या बाबतीत मला वजनाची चिंता नाही, ते भरेल. मला हवं आहे ते हे की तिला आत्तापासून ५१ आणि ५४च्या मुलींसमोर आठवड्यामागून आठवडे उभं केलं जावं, ४८च्या आणखी एका पदकासाठी तिला मधूनच परत खाली ओढलं जाऊ नये, आणि सुरुवातीच्या वर्षात ती चार लढती हरली तर कुणी तिची जागा काढून घेऊ नये.