फुटायच्या आधी

बोटीच्या इंजिनातले बहुतेक भाग झिजताना बोलतात. बेअरिंग आवाज करतं, इंजेक्टर बिघडला की धूर काळा होतो, बेल्ट सैल पडला की किंचाळतो. पाण्याचा होज मात्र शेवटच्या दिवसापर्यंत गप्प असतो. म्हणून माझं ठाम मत आहे, की बोटीवरचे होज बघून बदलू नयेत, वर्षं मोजून बदलावेत. आणि बदलायचे ते सगळे एकदम. कोकणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर खाडीत नांगरलेले असतात किंवा वर ओढून घेतलेले. या दोन महिन्यांत जाळी दुरुस्त होतात, बोटीच्या तळाला रंग लागतो, इंजिनाचं तेल आणि फिल्टर बदलले जातात. होज तेवढा राहून जातो, कारण वरून तो चांगला दिसतो.

फसगत होते ती इथेच. होजमध्ये आत रबराचा थर असतो, त्याभोवती विणलेला धागा आणि त्यावर पुन्हा रबर. दाब सोसतो तो मधला धागा. इंजिनाचा धातू, कूलंट आणि रबरात मिसळलेला कार्बन यांच्यात, बॅटरीत चालावी तशी, एक बारीक विद्युत-रासायनिक क्रिया वर्षानुवर्षं चालू राहते. तिच्यामुळे आतल्या रबराला लांबीच्या दिशेने केसासारख्या भेगा पडतात, त्या भेगांतून कूलंट धाग्यापर्यंत झिरपतं आणि धागा कमजोर होतो. याची सुरुवात बहुतेक वेळा टोकाशी, क्लिपच्या आसपास होते. बाहेरचा थर तोवर काळाभोर आणि गुळगुळीत असतो. असा होज उभा चिरून उलगडला, तर आतलं आणि बाहेरचं रबर एकाच वयाचं वाटत नाही.

रस्त्यावर ट्रकचा होज फुटला, तर ट्रक कडेला घेता येतो. समुद्रात कडेला घ्यायला जागा नसते. जळालेल्या डिझेलमधली ढोबळमानाने तिसरा हिस्सा ऊर्जा शाफ्टपर्यंत पोचते. जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. हीट एक्स्चेंजर असलेल्या बोटीत हे काम दोन पाणी वाटून घेतात: इंजिनात फिरणारं बंदिस्त गोडं पाणी, आणि त्याची उष्णता घेऊन परत समुद्रात जाणारं खारं पाणी. गोड्या पाण्याचा होज फुटला की दाब जातो, आणि दाबामुळे शंभर अंशांच्या वरही न उकळणारं पाणी एकदम उकळू लागतं. पाणी निघून गेल्यावर सेन्सर उघडा पडला, तर तापमानाचा काटा उलट खाली येऊ शकतो; म्हणजे धोका वाढत असताना तांडेलाला धीर मिळतो. खाऱ्या पाण्याचा होज फुटला, तर प्रश्न इंजिनापुरता राहत नाही. पाणरेषेच्या ६० सेंटिमीटर खाली २५ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं, तर सेकंदाला सुमारे एक लिटर पाणी आत येतं. दहा मिनिटांत सहाशे लिटर.

यावर जाणता मेकॅनिक म्हणेल, की होज दाबून कळतो. ते खरं आहे. थंड इंजिनावर क्लिपजवळ दोन बोटांत होज दाबावा. मधल्यापेक्षा तिथे मऊ लागला किंवा आत खाचा जाणवल्या, तर तो बदललाच पाहिजे. तेलाने फुगलेला, उष्णतेने कडक झालेलाही हाताला कळतो. पण या परीक्षेत नापास झालेला होज सापडतो. पास झालेला पुढचा हंगाम काढेल, याची हमी मिळत नाही. शिवाय इंजिनाच्या मागच्या अंगाला हातच पोचत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. धड दिसणारी वस्तू टाकून देणं कष्टाने कमावणाऱ्याला खुपतं, आणि ते खुपणं योग्यच आहे. मात्र तुलना दोन रबरांच्या किमतींची नाही. एका बाजूला होजचा संच आहे. दुसऱ्या बाजूला वाया गेलेलं डिझेल आणि बर्फ, खलाशांचे बुडालेले दिवस आणि ओढून आणायला आलेल्या बोटीची मोडलेली फेरी. एक होज थकला, तर त्याच दिवशी बसवलेले बाकीचेही फार मागे नसतात. म्हणून सगळे एकदम, आणि चार वर्षं ही माझी मर्यादा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: चालत्या इंजिनाला हात लावला की नवा दोष शिरतो. शिरतो खरा, पण तो घाईच्या कामात. म्हणूनच हे काम बंदीच्या काळातलं. बोट पाण्यात असेल, तर आधी खाऱ्या पाण्याचा वॉल्व बंद करावा. जुना होज पिळून ओढू नये, ब्लेडने उभा चिरावा, म्हणजे खालची पितळी नळी वाकत नाही. नळी घासून स्वच्छ करावी. होज सरकवायला ग्रीस लावू नये, तेलाने हे रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. इंजिन हादरतं, म्हणून होज ताणून न बसवता थोडी ढील ठेवावी. पंप जिथे पाणी ओढतो, तिथे तारेचा होजच हवा, साधा होज ओढीने आत चेपला जातो. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसावी, तिचा स्क्रूही स्टेनलेसचा असावा, आणि पाणरेषेखाली, नळीची लांबी पुरत असेल तर, दोन क्लिपा लावाव्यात. मग हवा काढून इंजिन पूर्ण तापवावं, थंड होऊ द्यावं आणि प्रत्येक क्लिप पुन्हा आवळावी. नारळी पौर्णिमेच्या घाईत हे तापवणं-निववणं होत नाही, जुलैत होतं. शेवटी प्रत्येक होजवर पांढऱ्या रंगाने महिना आणि वर्ष लिहावं. चार वर्षांनी त्या इंजिनाशी कदाचित दुसराच माणूस वाकलेला असेल. रबराच्या काळ्या चकाकीवरून त्याला अंदाज बांधावा लागू नये.