दुसऱ्या दिवसाचे मोईल

नाताळच्या आदल्या दिवशी वसईच्या बाजारात मी अर्धे बदक मागितले, तेव्हा विक्रेता माझ्याकडे पाहतच राहिला. बदक अर्धे मिळत नाही. दोन किलोंचा तो पक्षी सोलून, तोडून माझ्या पिशवीत आला आणि एकट्या बाईने त्याचे करायचे काय, हा प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आला.

आमच्याकडे पूर्वी बदक विकत आणावे लागत नसे. वसईच्या वाड्यांतून पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी तळी असत. त्यांना बावखल म्हणतात. त्या पाण्यावर रहाट फिरे, केळी आणि पानवेली पोसल्या जात, आणि आमच्या बावखलात बदकेही असत. त्यांतले एक नाताळासाठी ठरलेले. आई एकाच भांड्यात त्याचे मोईल करी आणि अर्धे कुंपणापलीकडे दादाकडे जाई. बिऱ्हाडे वेगळी झाली होती, बदक मात्र एकच होते. 2018 साली ते बावखल भराव घालून बुजवले गेले. आज तेथे चार मजली इमारत आहे, आणि तेव्हापासून दादाशी माझे बोलणे नाही.

मोईल म्हटले की केरळच्या वाचकांना नारळाच्या दुधातले मासे आठवतील. आमच्या घरच्या मोईलमध्ये नारळ नाही. उभा चिरलेला भरपूर कांदा, आले, लसूण, चिरा दिलेल्या हिरव्या मिरच्या, बाटली मसाला आणि शेवटी शिरका, एवढेच त्याचे भांडवल. उन्हाळ्यात भाजून, कांडून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेला म्हणून तो बाटली मसाला. बदकाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. ती मंद आचेवर सुटू द्यावी लागते. घाई केली तर मांस वातड राहते आणि चरबी तोंडात येते. सुटलेली चरबी मी एका वाटीत काढून ठेवली. राहिली ती बटाट्यांनी शोषली. गुवाहाटीला एका चर्चासत्रानंतर कोहळ्याबरोबर शिजवलेले बदक खाल्ले होते. तेथे हेच काम कोहळा करतो, हे पाहून अपरिचित घरातही मला माहेरी आल्यासारखे वाटले होते.

नाताळच्या दुपारी मी दोन तुकडे खाल्ले. मोईल बरे झाले होते, पण मसाला एकीकडे आणि मांस एकीकडे. दुसऱ्या दिवशी पातेल्यावर पांढुरक्या चरबीची साय धरली होती. ती खालच्या रश्श्यासकट पुन्हा उकळली, तेव्हा आईच्या हाताची चव आली. मराठीत ‘शिळे’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. शिरक्याच्या स्वयंपाकाला तो लागू पडत नाही. तेथे शिळे म्हणजे मुरलेले. पुस्तक वाचून त्याच रात्री परीक्षण लिहू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे, तेही बहुधा या पातेल्यावरूनच सुचले असावे.

तिसऱ्या दिवशी हाडे वेगळी करून मिरीबरोबर उकळली आणि त्या पाण्यात भात शिजवला. मांस हाताने उकलून कांद्यावर परतले. उकडलेल्या बटाट्याच्या पारीत ते भरले, चॉप अंड्यात बुडवून रव्यात घोळवले आणि वाटीत राखलेल्या चरबीत तळले. पाऱ्या करताना हात गुंतलेले असतात, मन मोकळे असते. ते वैऱ्यासारखे वागते. मला तो कागद आठवला. बावखल विकण्याच्या संमतिपत्रावर दादाच्या सहीखाली माझी सही आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या ओळींमधले वाचून दाखवणाऱ्या मला त्या कागदातले काय कळले नव्हते? सगळे कळले होते. माझ्या वाट्याच्या पैशांतून माडीवर पुस्तकांची खोली उभी राहिली. खिडकीतून पूर्वी पाणी दिसत असे, आता शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. आणि त्याबद्दल मी सात वर्षे एकट्या दादाला दोष देत आले.

चॉप आठ झाले. दोन ताटलीत ठेवले, सहा डब्यात घातले आणि निघाले. पूर्वी कुंपणातून वीस पावले होती. आता इमारतीला वळसा पडतो.

दार दादानेच उघडले. तो थकला आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्याने डबा घेतला, उभ्या उभ्याच एक चॉप मोडला आणि बराच वेळ चघळत राहिला.

“शिरका कमी पडलाय,” तो म्हणाला.

“चॉपमध्ये कळत नाही. रश्श्यात बरोबर आहे. रस्सा उरलाय अजून.”

दादाने आत वळून वहिनीकडे एक पातेले मागितले.