पडवीतला कॅन

त्या पंपावरच्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. चूक त्याची नव्हती, हे आता मला कळतं. तरीही.

३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. आम्ही बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेला, दापोली तालुक्यात. माड, पोफळी, कौलं यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. विजेचे खांब रस्त्यावर आडवे झाले होते आणि बाबांना दमा. नेब्युलायझरसाठी म्हणूनच आदल्या वर्षी जनरेटर घेतला होता. डिझेलचा घरासाठी जड आणि आवाजी पडतो, रॉकेल मिळेनासं झालेलं, म्हणून पेट्रोलचा. मशीन घेताना दहा ठिकाणी चौकशी केली. पेट्रोल कशात ठेवायचं, कुठे, किती दिवस, हे मात्र कुणाला विचारलं नाही. खोबरेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये दहा लिटर आणून मागच्या पडवीत ठेवून दिलं. ते तिथे वर्षभर होतं.

त्या रात्री दोरी ओढून ओढून तळहाताला फोड आले. मशीन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बाबा खाटेच्या कडेला, गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसले होते. ती रात्र इनहेलरवर काढली.

पेट्रोल शिळं झालं असणार, एवढं कळत होतं. दुसऱ्या दिवशी मोटरसायकलला कॅन बांधून निघालो. जागोजाग झाडं पडलेली, गाडी ढकलत पंप गाठला, दोन तास रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा त्याने कॅनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलंच नाही.

"प्लॅस्टिकात मिळणार नाही."

"अहो, घरात पेशंट आहे. श्वास लागलाय."

"आग लागली तर कोण जबाबदार? चला, पुढचे."

मी हात जोडले. खरंच जोडले, सगळ्या रांगेदेखत. तो पुढच्याच्या टाकीत नळी घालून मोकळा झाला. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाळा, गाडीची टाकी भर आणि घरी जाऊन काढ." एवढंच. हे एक वाक्य त्या माणसाच्या तोंडून यायला काय हरकत होती? नियम पाळ, पण समोरचा माणूस कशासाठी आलाय ते ऐकून तर घे. वादळानंतरच्या दिवशी पंपावर कॅन घेऊन येणारा माणूस हौसेने आलेला नसतो.

टाकीतलं पेट्रोल काढून जनरेटरमध्ये घातलं, तरी तो सुरू होईना. तिसऱ्या दिवशी मेस्त्री आले. त्यांनी कॅनमधलं जुनं पेट्रोल आईच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं आणि बरणी ओट्यावर ठेवली. थोड्या वेळाने तळाशी गढूळ थर वेगळा दिसू लागला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते पाणी ओढून घेतं. आमच्या कॅनचं बूच सैल होतं आणि मधे अख्खा पावसाळा गेला होता. पाणी फार झालं की इथेनॉल त्याला घेऊन खाली बसतं, आणि टाकीच्या तळातून तेच आधी कार्बोरेटरमध्ये जातं. त्यांनी कार्बोरेटर उघडून धुतला, जेटमध्ये बारीक तार फिरवली, आणि दुसऱ्याच ओढीला मशीन लागलं.

मग हात पुसत ते म्हणाले, "हा कॅन होता कुठे?"

मी पडवीतला कोपरा दाखवला. तिथून चार हातांवर न्हाणीघराची चूल. आई रोज पहाटे पाणी तापवायला ती पेटवते. मेस्त्री चुलीकडे बघत राहिले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते. तिला ज्योतीपर्यंत पोचायला चार हात काहीच नाहीत. वर्षभर माझी आई त्या कॅनशेजारी काडी ओढत होती, आणि तो मी ठेवला होता.

नंतर कायदा बघितला. १९३४चा पेट्रोलियम कायदा. विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या भांड्यात. धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंतचं, काचेचं असेल तर एका लिटरपर्यंतचं. प्लॅस्टिकचं नावही नाही. म्हणजे पंपावरचा तो बरोबर होता.

आता पत्र्याचा दहा लिटरचा डबा घेतलाय. वाफेला जागा राहावी म्हणून काठोकाठ भरत नाही. तो घरापासून लांब, विहिरीकडच्या हवेशीर खोपटात, कुलपात असतो. दर दोन महिन्यांनी त्यातलं पेट्रोल गाडीत घालून नवं आणतो. जनरेटर अंगणात चालवतो, दारा-खिडक्यांपासून दूर. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो घरात कोंडला तर कळण्याआधी माणूस जातो. गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतत नाही, बाबांना कितीही घाई असली तरी.

पंपवाल्यांना मात्र एक सांगणं आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पंपावर पावसाळ्याआधी पत्र्याचे डबे विकायला ठेवा. नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण बाजूला डबा असू द्या.