पावतीवर लिहिले, ‘जुने कपडे’

आमच्या आईचे चांदीचे तोडे होते. दोन्ही पायांचे मिळून तीस तोळे, म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. भिशीच्या पैशातून तिने ते घडवून घेतले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्याच पावसाळ्यात तोडे सावकाराकडे गेले. बाबाही गिरणीतच, साचेखात्यात. दोघांचे पगार एकदमच थांबले, ते कायमचेच. पुढे बाबा वॉचमन झाले, आई लोकांची धुणीभांडी करू लागली. व्याज भरभरून १९८६ साली तिने तोडे सोडवून आणले. त्या दिवशी तिने ते पायात घातले नाहीत. फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवले आणि म्हणाली, “आता हे नातीच्या पायात.”

नात म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची थोरली मुलगी. बहीण भुसावळला, मेहुणे रेल्वेत. आई १९९३ ला गेली आणि पेटीची किल्ली माझ्याकडे आली.

१९९६ च्या मे महिन्यात भाचीचे लग्न ठरले. मी एका प्रसूतिगृहात आया होते. रजा मिळाली दोनच दिवसांची, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचायचे. बहिणीचे पत्र आले, “ताई, तोड्यांची कडी ढिली झाली आहे असे आई म्हणायची. आधी पाठवलेस तर इथल्या सोनाराकडून नीट करून, उजळून घेऊ.” पाठवणार कसे? वरळीत आमच्या चाळीजवळच एक कुरिअरवाला बसू लागला होता. दोन दिवसांत माल घरपोच, असा बोर्ड होता. मी डबा बांधला. शेजारचे भाऊ म्हणाले, “वहिनी, चांदी म्हणून लिहू नका हं. वाटेत कोणी हात मारील. जुने कपडे लिहा.”

मला ते पटले. आपल्यासारख्यांना हे पटतेच. घरात चार मौल्यवान वस्तू असल्या तर त्या नाहीत असे दाखवायचे, हीच आपली तिजोरी. काउंटरवरच्या पोराने विचारले, “आत काय आहे?” मी म्हटले, “जुने कपडे.” “किंमत?” “लिही शंभर.” “विमा करायचाय?” मी हसले. म्हटले, “जुन्या कपड्यांचा कसला रे विमा?” तोही हसला. मी खाली सही केली.

तो डबा भुसावळला पोहोचलाच नाही.

तीन खेपा मी त्यांच्या ऑफिसात घातल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या साहेबांनी माझीच पावती माझ्यासमोर उलटी करून ठेवली. मागे मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी मजकूर होता. त्यात लिहिले होते की, विमा उतरवला नसेल तर कंपनीची जबाबदारी शंभर रुपयांपुरती. “आणि बाई, किंमतही तुम्हीच शंभर लिहिलीय.” त्याने शंभराची नोट पुढे केली. मी ती न घेता निघून आले. घ्यायला हवी होती की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तेव्हा चांदी किलोला सात हजारांच्या आसपास होती. म्हणजे तोडे अडीच हजारांच्या घरातले. पैशांचे दुःख होतेच, पण खरे दुःख पुढे होते. लग्न तोड्यांशिवाय झाले. मंडप उतरल्यावर बहिणीच्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “पाठवले असतील तर पावती असेल ना?” मी पर्समधून पावती काढून दिली. बहिणीने वाचली. माझ्याच अक्षरात लिहिलेले, ‘जुने कपडे, रु. १००’. ती काही बोलली नाही. घडी घालून पावती माझ्या हातात दिली. त्यानंतर तिची पत्रे चार ओळींची येऊ लागली आणि दोन वर्षे ती माहेरी आली नाही. मला चोर ती म्हणाली नाही कधी. पण मी चोर नाही, हे दाखवायला माझ्याजवळ कागद नव्हता. जो होता तो माझ्याविरुद्धच साक्ष देत होता.

बाबा या सगळ्यात गप्प होते. एके रात्री जेवताना म्हणाले, “तीस वर्षं मी गावी मनीऑर्डर पाठवली. दर महिन्याला रक्कम आकड्यात लिहायचो आणि अक्षरातही लिहायचो. कधी लाज वाटली नाही, भीतीही वाटली नाही. मग वस्तूची किंमत लिहायला तू का घाबरलीस?” आपल्या देशात मनीऑर्डर १८८० पासून होती. मुंबईतल्या कामगाराचे गावाकडचे घर तिच्यावर चालले. पोस्टाने पैसे बुडवले असे फारसे कोणी म्हटले नाही, कारण फॉर्मवर रक्कम होती आणि पोचपावतीवर घेणाऱ्याची सही नाहीतर अंगठा होता. हे सगळे मला माहीत होते. डब्याच्या वेळी आठवले मात्र नाही.

बाबांनी वॉचमनकीच्या पगारातून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. १९९८ साली त्यांनी लालबागच्या सराफाकडून नवे तोडे घडवून घेतले. वजन तेच, तीस तोळे. मी म्हटले, “आता मी स्वतः घेऊन जाते.” म्हणाले, “नाही. पोस्टानेच जातील. सरकारी शिक्का असलेला कागद पाहिजे मला.”

पोस्टातल्या बाईंनी त्या दिवशी आमची जी शाळा घेतली ती मी विसरणार नाही. पहिला प्रश्न किंमतीचा. बाबांनी सराफाचे बिल पुढे केले, तीन हजार दोनशे. बाई म्हणाल्या, “तेवढ्याचाच विमा. जास्तीचा करता येत नाही आणि कमीचा कराल तर नुकसान तुमचं.” मग पार्सल पाहिले आणि परत दिले. दोरी बांधलेला खोका विम्याला चालत नव्हता. आम्ही घरी येऊन मांजरपाटाचे कापड घेतले, खोका त्यात घालून दाभणाने बारीक टाके घालत शिवला आणि शिवणीवर ठिकठिकाणी लाख ओतली. बाबांनी रुपयाचे नाणे दाबून ठसे उठवले. परत पोस्टात. “नाण्याचा ठसा चालत नाही, आजोबा. नाणं काय सगळ्यांच्याच खिशात असतं. कोणीही फोडून परत तसाच ठसा मारील.” अरे बाप रे, हे खरेच होते! शेवटी सराफाकडे जाऊन त्याच्या पेढीच्या शिक्क्याचे ठसे सगळीकडे सारखे उठवून आणले. बाबांनी पार्सलवर शाईने लिहिले, ‘विमा रु. ३२००, रुपये तीन हजार दोनशे फक्त’. खाडाखोड चालणार नव्हती म्हणून आधी जुन्या वर्तमानपत्रावर दोनदा लिहून पाहिले. बाईंनी पार्सल तोलले, ग्रॅमपर्यंतचे वजन पार्सलवर आणि पावतीवर मांडले.

मी हळूच विचारले, “बाई, किंमत अशी उघड लिहिली तर कोणी चोरणार नाही का?” बाई म्हणाल्या, “विम्याचं पार्सल नुसतं पोत्यात फेकत नाहीत. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना नोंद होते. ते कुठे गहाळ झालं ते शोधता येतं. बिनविम्याच्या पार्सलमागे कोण धावणार?” म्हणजे शेजारच्या भाऊंची भीती अगदीच खोटी नव्हती. बाहेर ‘चांदी’ असे मोठ्या अक्षरात कोणी लिहू नये. पण त्या भीतीचे औषध खोटे लिहिणे हे नव्हते.

बहिणीला बाबांनी वेगळे पत्र टाकले होते की, सही करण्याआधी ठसे पाहा, वजन करून माग, मगच सही कर. एकदा तक्रार न करता सही दिली की नंतर बोलायला जागा राहात नाही. तिने भुसावळच्या पोस्टात तसेच केले. वजन जुळले. पुढच्याच महिन्यात ती मुलीला घेऊन वरळीला आली. जुन्या तोड्यांचा विषय कोणी काढला नाही.

बहिणीचा मुलगा पुढे वकील झाला. त्याने मला एकदा उलगडून सांगितले, “मावशी, तू ग्राहक मंचात गेली असतीस तरी कठीण होतं. १९९६ सालीच सुप्रीम कोर्टाने एका परदेशी पाठवलेल्या पाकिटाच्या प्रकरणात सांगितलं की, ज्या कागदावर तुम्ही सही केली, त्यावर जबाबदारीची मर्यादा शंभर डॉलर लिहिली असेल तर मागणी कितीही मोठी असो, मिळणार तेवढेच.” पोस्टाचेही तसेच. १८९८ च्या पोस्ट कायद्यात सहावे कलम होते. सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करलेल्या जबाबदारीपलीकडे, टपाल हरवले, उशिरा आले, मोडले तर सरकार बांधील नाही. तो कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला. त्यातही गाभा तोच, नियमांत लिहिली असेल तेवढीच जबाबदारी. म्हणजे आपण नुसते तिकिटाचे पैसे देतो तेव्हा नेण्याचे भाडे देतो. वस्तूची हमी त्यात नसते. ती वेगळी मागावी लागते आणि त्यासाठी किंमत सांगावी लागते.

आता तर रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळून गेले. लाख आणि दाभण कोणी विचारत नाही. पण स्पीड पोस्टालाही विमा मागता येतो, तो आपण मागितला तर. कुरिअरच्या पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ असा छोटा चौकोन असतो. पोरगा घाईत तिथे आपणच खूण करतो आणि पावती फाडून देतो. ओनर म्हणजे आपण. हरवले तर आपले हरवले. मी आता चष्मा काढून ठेवत नाही, पावती हातात येईपर्यंत. काही कुरिअरवाले दागिने आणि रोकड घेतच नाहीत. तिथे खोटे लिहून पाठवले तर विम्याचे पैसे भरूनही हातात काही येणार नाही. पाकिटात नोटा घालून पाठवायची सवय तर सोडाच.

कागदपत्रांचे मात्र वेगळे आहे. माझ्या एका सोबतीणीने मुलाच्या नोकरीसाठी जातीचा दाखला आणि गुणपत्रिका, सगळे मूळ कागद एका पाकिटात घालून पाठवले आणि पाकीट गेले. कागदाचा विमा कितीचा करणार? पैसे मिळाले असते तरी तहसील कचेरीच्या खेपा कोणी भरून दिल्या असत्या? मूळ कागद मागितल्याशिवाय पाठवू नयेत. पाठवावेच लागले तर साक्षांकित प्रती घरात ठेवून मगच.

आणि वाद झालाच तर घरी बसू नये. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात जिल्हा आयोगात तक्रारीला फी लागत नाही. दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवे. बिल, पावती आणि बांधण्याआधी वस्तूचा काढलेला फोटो सोबत असावा. माझ्याकडे तिन्हींतले एकच होते आणि तेही खोटे.

ज्या भाचीच्या लग्नात तोडे नव्हते, ती आता पन्नाशीला आली. नाशिकला असते. येवल्याहून पैठण्या आणून ओळखीपाळखीत विकते. गेल्या महिन्यात तिला मुंबईच्या एका गिऱ्हाईकाला पैठणी पाठवायची होती. कुरिअरच्या दुकानातूनच तिचा फोन आला.

“मावशी, हा म्हणतोय साडी एवढंच लिहा, किंमत टाकली तर विम्याचे जादा पैसे पडतील. काय करू?”

“बिल किती रुपयांचं आहे?”

“चौदा हजार.”

“बिलाचा फोटो काढ आणि चौदा हजारच लिही. आकड्यात लिही आणि अक्षरातही.”

मागून त्या मुलाचा आवाज आला, “बाई, अक्षरात लिहायला जागा नाही.”

“मग मागच्या बाजूला लिही म्हणावं,” मी म्हटले, “आणि तुझी सही व्हायच्या आत ती बाजू वाचून दाखव मला.”