शोकाचे मत, कारभाराचे मत

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि जेमतेम आठ आठवड्यांनी देशाने लोकसभेसाठी मतदान केले. दूरदर्शनवर पाहिलेली अंत्ययात्रा आणि मातेच्या चितेला अग्नी देणारा पुत्र मतदारांच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता. काँग्रेसने चारशेहून अधिक जागा जिंकल्या. एवढे यश पंडित नेहरूंनाही लाभले नव्हते. ग्वाल्हेरमध्ये अटलबिहारी वाजपेयी पराभूत झाले. त्यांच्या पक्षाच्या पदरात अवघ्या २ जागा पडल्या.

या मतांत केवळ शोक नव्हता. पंजाबच्या अशांततेमुळे देश दुभंगेल की काय, ही धास्तीही होती. त्याच दिवसांत उसळलेल्या संतापाची झळ नोव्हेंबरच्या प्रारंभी दिल्लीतील शीख कुटुंबांना बसली, हजारो निरपराध जीव गेले. मतपेटीतून मात्र त्याचा जाब फारसा विचारला गेला नाही. भावनेच्या भरात मतदार काय पाहतो, यापेक्षा काय पाहायचे राहून जाते, हेच अधिक चिंतेचे.

तरीही मतदार लाटेत वाहून गेला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. आंध्र प्रदेशात ही लाट थबकली. तेथे ऑगस्टमध्ये एन. टी. रामाराव यांचे सरकार राज्यपालांनी पदच्युत केले होते आणि लोकक्षोभामुळे महिन्याभरात त्यांना पुन्हा मुख्यमंत्रिपद द्यावे लागले होते. दुखावलेला तेलुगू स्वाभिमान शोकाहून प्रबळ ठरला. ४२ पैकी ३० जागा तेलुगू देसमला मिळाल्या. एका भावनेला दुसऱ्या भावनेने अडवले, एवढेच.

कर्नाटकाचे उदाहरण निराळे आहे. डिसेंबरमध्ये तेथील २८ पैकी २४ जागा काँग्रेसकडे गेल्या. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि विधानसभेच्या निवडणुकीला सामोरे जाण्याचे ठरवले. अनेकांना हे राजकीय आत्मघातासारखे वाटले असल्यास नवल नाही. पण घरातील दुःखाचा खर्च कोणतेही व्यापारी कुटुंब दुकानाच्या खात्यावर टाकत नाही. दिल्लीतील रिकाम्या खुर्चीविषयीची हळहळ एकदा व्यक्त झाली होती. आता प्रश्न बंगळुरूच्या कारभाराचा होता. मार्च १९८५ मध्ये हेगडे यांच्या जनता पक्षाने २२४ पैकी १३९ जागा जिंकल्या. मतदार तेच होते, आणि मध्ये गेले होते अवघे अडीच महिने.